आठ नंबरची उजवी बाजू

पोतनीसकाका आमच्याकडे पहिल्यांदा आले ते फरशा वाजवायला. आम्ही उज्जैनला फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत घर घेतलं होतं, नवी फरशी बसून आठवडाही झाला नव्हता, आणि शेजारच्या घरातले एक उंच, काटकुळे, पांढऱ्या बुशशर्टातले गृहस्थ "येऊ का?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता आत आले. खिशातून एवढीशी हातोडी काढली आणि हॉलभर वाकून प्रत्येक फरशीवर एकेक ठोका मारत फिरले. ठोका मारायचा, मान कलती करायची आणि म्हणायचं, "बोलतेय." मग पुढची. "बोलतेय." चार फरशांपाशी मात्र ते काहीच बोलले नाहीत. खिशातून खडू काढला, बारीक फुल्ली मारली आणि पुढे सरकले. मी तर भडकलेच. नवीकोरी फरशी, आणि हे कोण कुठले तिच्यावर फुल्ल्या मारणारे? पण मी तोंड उघडायच्या आत ते निघूनही गेले होते. वर्षभरात त्या चारातल्या तीन फरशा हलायला लागल्या. चौथी अजून शाबूत आहे, पण तिच्यावर मी कपाट ठेवलेलं नाही.

काका रेल्वेत होते. उज्जैनच्या यार्डात मालगाड्यांचे डबे तपासायचे. मी साताऱ्याची, बँकेतली बाई, मला वाटायचं गाडी म्हणजे ड्रायव्हर, गार्ड आणि तिकीट तपासनीस. काकांनी मला शहाणं केलं. गाडी यार्डात आली की दोन माणसं निघतात, एक डाव्या बाजूने, एक उजव्या. हातात लांब दांड्याची हातोडी. प्रत्येक चाकावर ठोका. धड चाक खणखणतं. तडा गेलेलं चाक बद्द वाजतं, आणि त्याचं काय ते कानालाच कळतं, डोळ्यांना नाही. असं चाक सापडलं की डब्यावर खडूने फुल्ली. डबा 'सिक' झाला, काढा बाजूला. शेवटी रजिस्टरात दोन सह्या. डाव्या बाजूवाल्याने डावीची करायची, उजवीवाल्याने उजवीची. मग लिहायचं, गाडी फिट.

नोकरी संपल्यावर ती मोठी हातोडी परत करावी लागली, म्हणून काकांनी तिची ही धाकटी बहीण करून घेतली होती. तिने ते सगळं जग वाजवत फिरायचे. माठ, कलिंगड, आमचा कुकर, कुणाकडे लग्नात मिळालेले स्टीलचे डबे. बाजारातला माठवाला त्यांना लांबून बघूनच म्हणायचा, "आ गए डॉक्टर साब." आणि खरं सांगते, त्यांनी "बोलतोय" म्हटलेला माठ मी तीन-तीन उन्हाळे वापरलाय.

पोतनीसांचं घराणं पेशवाईत इकडे आलं, ते इथलंच झालं. त्यामुळे काकांची मराठी उज्जैनची. "शुभा, काय करून राहिली आहेस?" असं विचारायचे, आणि मी काही फालतू म्हटलं की "देखो, असं नसतं" म्हणून समजावायला बसायचे. पहिली दोन वर्षं मी मनातल्या मनात त्यांची वाक्यं दुरुस्त करायची. नंतर एकदा साताऱ्याला गेले तेव्हा माझी बहीण म्हणाली, "तू काय बोलून राहिलीस गं?" तेव्हापासून ते बंद केलं.

काकांची एक गोष्ट कुसुमकाकू कायम सांगायच्या, आणि सांगताना अजून रागवायच्या. एकदा सिंहस्थाच्या वर्षी, स्पेशल गाड्यांवर स्पेशल गाड्या येत असताना, कोळशाची एक मालगाडी यार्डातून लवकर काढायची होती. काकांनी त्यांची डावी बाजू तपासली. उजवीकडचा माणूस पोरगी आजारी म्हणून घरी पळाला होता, आणि जाताना सांगून गेला होता की काळजी नको, उजवी एकदम ठीक आहे, लिहून टाका. काकांनी लिहिलं नाही. वरून फोनवर फोन. स्टेशनातले साहेब स्वतः आले. काका म्हणाले, मी बघितलेली नाही. आणि हातोडी घेऊन रणरणत्या उन्हात त्या अख्ख्या गाडीच्या दुसऱ्या बाजूने चालत गेले, चाकन् चाक वाजवत. पाऊण तास गाडी उभी. मागे यात्रेकरूंच्या गाड्या खोळंबलेल्या. आणि सापडलं काय? काही नाही. सगळी चाकं धड. काकांना मेमो मिळाला, पगारवाढ अडकली, यार्डात वर्षभर चेष्टा झाली.

"काही सापडलं असतं तर गोष्ट वेगळी होती," काकू म्हणायच्या. काका जेवता जेवता म्हणायचे, "सापडलं नाही म्हणून काय झालं? बघितलं ना." त्या एका उत्तरावर त्यांचं आयुष्य उभं होतं म्हटलं तरी चालेल.

आता आठ नंबरकडे येते, कारण सगळं तिथेच अडलेलं आहे.

काका नोकरीला लागले तेव्हा यार्डात वाफेचीच इंजिनं होती, आणि मालगाड्या ओढणाऱ्यांत काही अमेरिकेहून आलेली. धिप्पाड, आवाजाने छाती हलवणारी. काकांचा जीव त्यांच्यावर बसला. ते म्हणायचे, पॅसेंजरच्या इंजिनाला लोक हार घालतात, नारळ फोडतात, पोरं हात हलवतात. मालगाडीच्या इंजिनाकडे कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही, आणि देश चालतो तिच्यावर. पुढे रेल्वेच्या वाचनालयातली जुनी पुस्तकं रद्दीत निघाली, त्यात त्यांना अमेरिकेतल्या एका लहानशा रेल्वे कंपनीवरचं एक पुस्तक सापडलं. कुठल्याशा डोंगरातून कोळसा वाहून आणणारी कंपनी. तिचं नाव इतकं लांबलचक होतं की मी ते कधी धड म्हणू शकले नाही. काका तिला 'आपली कंपनी' म्हणायचे.

आपल्या कंपनीची अगदी पहिली मालगाडीची इंजिनं, दीडशे वर्षांपूर्वीची, त्या पुस्तकात होती. बहुतेकांची नुसती नावनिशी. कुठे बनलं, किती वर्षं ओढलं, कधी भंगारात गेलं. फोटो एकाच इंजिनाचा, आठ नंबरचा. पुढे गुरं बाजूला सारायची जाळी, वर नरसाळ्यासारखी पसरट चिमणी, मग घंटा, चार जोड्या मोठ्या चाकांच्या, आणि मागे लाकडी केबिन. केबिनच्या खिडकीखाली ठसठशीत आठ आकडा. पुढच्या बाजूला एक मिशीवाला माणूस इंजिनावर हात ठेवून उभा. फोटो डाव्या बाजूने काढलेला.

निवृत्त झाल्यावर काकांनी आठ नंबर बनवायला घेतलं. पितळेचं, हातभर लांब. केबिनचं लाकूडकाम भैरवगढच्या सलीमभाईंचं. सलीमभाई कापड छापायचे ठप्पे कोरतात, त्यांच्या हातात केसाएवढी रेघ सापडते. बाकी सगळं काकांनी स्वतः केलं. एकेक रिव्हेट. भिंग लावून फोटोत मोजायचे आणि तेवढेच लावायचे. चौदा वर्षं लागली. डावीकडून बघितलं तर असं वाटायचं की आत्ता शिट्टी मारेल.

आणि उजवीकडून बघितलं तर सपाट पत्रा. चाकं लावलेली, नाहीतर उभं राहिलं नसतं, पण बाकी काही नाही. कारण उजवी बाजू काकांनी बघितलेली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, जशी डावी तशी उजवी, त्यात काय एवढं. त्यांचा मुलगा नितीन हेच म्हणाला होता, आणि काका त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. इंजिनाच्या दोन बाजू सारख्या नसतात. आपल्याकडे ड्रायव्हर डावीकडे बसायचा, अमेरिकेत उजवीकडे. इंजिन पुढे न्यायचं की मागे, हे ठरवणारा एक लांब दांडा ड्रायव्हरच्या केबिनमधून निघून बाहेरच्या अंगाने पुढे जातो. तो फक्त ड्रायव्हरच्या बाजूला. म्हणजे आठ नंबरचा दांडा उजवीकडे. तो चाकांच्या वरून सरळ गेला असेल की मध्ये वाकवून उचलला असेल? काही इंजिनांत असा, काहींत तसा. हे कळल्याशिवाय काका उजव्या बाजूला एक खिळाही मारणार नव्हते. इंजिन शोकेसमध्ये ठेवलं होतं, उजवी बाजू भिंतीकडे करून. माझ्या माहितीत त्या माणसाला आयुष्यात दुसरं काही नको होतं. त्या दांड्याचं वळण तेवढं हवं होतं.

मी एकदा विचारलं होतं, काका, तुम्हाला काय वाटतं? सरळ की वाकडा? ते म्हणाले, बघितलं नाही त्याबद्दल मला काही वाटत नाही. पण काकूंनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "यांना वाटतं वाकडा आहे. झोपेत बोटाने हवेत वाकडा काढतात. मी म्हणते सरळ असणार, तर फुगून बसतात."

काकू अचानक गेल्या. रामघाटावर दहाव्याला मी आणि आमचे हे दोघं गेलो होतो. काका कोरड्या डोळ्यांनी सगळं करत होते. गुरुजींनी तांब्या पुढे केला तेव्हा मात्र त्यांनी सवयीने खिशात हात घातला, हातोडी नव्हती म्हणून बोटाचं पेर वाजवलं आणि म्हणाले, "गुरुजी, हा गेलेला आहे." गुरुजी वैतागले, म्हणाले, असू द्या, पाणी राहतं त्यात. अर्ध्या विधीत तांब्याच्या बुडातून पाणी गळून काकांच्या धोतरावर आलं. ते बघून काका रडायला लागले, ते थांबेनातच. नितीनला कळेना वडिलांना काय झालं. मी नुसती त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले.

त्यानंतर काकांच्या डोळ्यांनी हात टेकले. काचबिंदू. इंदूरला मोठ्या डॉक्टरांनी बघितलं, थेंब दिले, ऑपरेशनही केलं, पण गेलेली नजर परत येत नाही म्हणाले, आणि उरलेलीही जात राहिली. आधी बाजूचं दिसेना, मग समोरचं. वर्ष-दीड वर्षात काकांना उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं. ते घरात भिंती वाजवत फिरायचे. कुठल्या भिंतीपाशी आहोत ते आवाजाने कळतं म्हणाले. मी रोज बँकेतून आल्यावर तासभर जायची. पेपर वाचून दाखवायची, आणि पत्रं लिहायची.

ही पत्रं म्हणजे आपल्या कंपनीला. कंपनी केव्हाच बुडाली होती, पण त्या गावात तिचं एक छोटंसं संग्रहालय होतं, चार-पाच म्हाताऱ्यांनी हौसेने चालवलेलं. काका त्यांना वर्षानुवर्षं लिहीत होते: आठ नंबरचा उजवीकडून काढलेला फोटो आहे का? दर वेळी सभ्य उत्तर यायचं, नाही. नजर गेल्यावर मी ई-मेल सुरू केले, माझ्या बँकेच्या इंग्रजीत. काका सांगायचे, मी लिहायची. आणि गेल्या उन्हाळ्यात उत्तर आलं. एका माणसाच्या माळ्यावर जुन्या फोटोंच्या काचा सापडल्या होत्या. त्यात आठ नंबरची एक होती. उजवी बाजू. सोबत फोटो जोडला आहे.

मी तो उघडलासुद्धा नाही. आधी काकांकडे धावले.

त्यांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठले, हात धुतले, धुतलेला बुशशर्ट घातला, आणि ज्याचा आता काही उपयोग नव्हता तो चष्माही लावला. खुर्चीत ताठ बसले, हात गुडघ्यांवर. म्हणाले, "पुढून सुरू कर. घाई नको करू. यार्डात चालतात तसं चल."

मी लॅपटॉप उघडला. फोटो मोठा होता, पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी मोठा आणि स्वच्छ. इंजिनाचं तोंड खरंच दुसऱ्या दिशेला. मी सांगायला लागले. जाळी. चिमणी. घंटा. मिशीवाला इथेही आहे काका, आणि त्याच्याशिवाय आणखी तीन माणसं, आणि एक कुत्रा. काका हसले. म्हणाले, म्हणजे फोटोवाल्याने एकाच दिवशी दोन्हीकडून काढले, हुशार माणूस. मी पुढे सरकले. पहिलं चाक, दुसरं चाक. काकांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

आणि दांडा नव्हता.

मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. केबिनपासून पुढपर्यंत बोट फिरवून बघितलं. काही नाही. मला एवढी वर्षं ऐकून ऐकून इंजिन पाठ झालं होतं, दांडा कुठे हवा ते मला माहीत होतं. तिथे नुसता उघडा बॉयलर.

"दांडा?" काकांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघितलं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, इस्त्रीचा बुशशर्ट घालून, दिसत नसताना चष्मा लावून बसलेला. त्यांचा अंगठा गुडघ्यावर घासत होता. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, आणि शपथेवर सांगते, माझ्या तोंडून निघालं, "आहे."

"सरळ का वाकडा?"

"वाकडा. मधल्या चाकावरून जरा वर उचललाय."

काकांनी श्वास सोडला. किती वर्षांचा कोण जाणे. मग म्हणाले, "कुसुम हरली." आणि रामघाटानंतर पहिल्यांदा त्यांना मी खदखदून हसताना बघितलं. मीही हसले. घरी आले आणि फोटो पुन्हा उघडून केबिनपासून पुढपर्यंत बघितला.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला भैरवगढला पाठवलं. उजव्या बाजूची केबिन कोरायची होती, सलीमभाईंना फोटो दाखवायचा होता. मी छापून घेतलेला फोटो आणि पुस्तकातलं जुनं पान, दोन्ही नेलं. सलीमभाईंनी दोन्ही मांडीवर ठेवली. ठप्प्यावरचा भुसा फुंकून बाजूला केला, जुनं पान उचललं आणि दाराच्या उजेडात पाठमोरं धरलं. मागून चित्र आरपार दिसायला लागलं. मग नवा फोटो त्याच्या शेजारी.

"बहनजी, ये दूसरी तरफ नहीं है," ते म्हणाले. "वही फोटू है. उल्टा छप गया."

त्यांनी मला दाखवलं. मिशीवाल्याचा तोच हात, तीच वाकलेली टोपी, कोटाचा तोच खिसा, फक्त उलट्या अंगाला. तिकडे पुस्तकवाल्यांनी कडेची माणसं आणि कुत्रा कापून टाकला होता, म्हणून नवा वाटला. जुने फोटो काचेवर असायचे. काच कुणीतरी उलटी ठेवून छापली की डावं ते उजवं होतं. आकडा असता दुसरा कुठला तर तिथल्या म्हाताऱ्यांच्याही लक्षात आलं असतं, पण आठ आकडा उलटा केला तरी आठच राहतो. सलीमभाईंचा जन्म ठप्पे उलटे कोरण्यात गेला, त्यामुळे त्यांना ते एका नजरेत दिसलं.

मी विचारलं, मग उजवी बाजू?

"वो तो किसी ने देखी ही नहीं," सलीमभाई म्हणाले. मग म्हणाले की खिडकी मी करून देतो, खिडकी दोन्ही बाजूंना असणारच. आणि माझ्याकडे न बघता परत कोरायला लागले. मी काय बोलून बसले होते ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

त्या दिवशीच मी काकांना सांगायला हवं होतं. मला माहीत आहे. मी परत येताना रिक्षात वाक्यं जुळवली होती. पण दार उघडलं तर काका जमिनीवर फतकल मारून बसलेले, पुढे पितळेची सळी, कानस, पक्कड, आणि चेहऱ्यावर असा आनंद की वाक्यं जिथल्या तिथे राहिली. "शुभा, किती उचललाय? बोटभर?" मी म्हटलं, बोटभर. "कुठल्या चाकापासून?" मी म्हटलं, दुसऱ्या. मग रोज हेच. कोपरा गोल आहे का टोकदार, टोकाला खिळा आहे का चाप, जाडी पुढे कमी होते का. खोटं एकदा बोलून भागत नाही, त्याला मापं द्यावी लागतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मी मापं देत गेले. ते अंगठ्याच्या नखाने मोजत, सळी तापवत, गालाला लावून वाक तपासत. दोन वेळा बोटं भाजली. मी तिसऱ्यांदा सांगायचं ठरवलं तेव्हा त्यांनी मला थांबवून सळी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "असाच आहे ना?" मी म्हटलं, असाच. मला माझीच किळस आली. आणि तरी दुसऱ्या दिवशी मी गेलेच, कारण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं.

पावसाळा संपता संपता उजवी बाजू पुरी झाली. एका रविवारी सकाळी काकांनी मला बोलावलं. टेबलावर आठ नंबर होतं, शोकेसमधून बाहेर काढलेलं. शेजारी एक जुनं रजिस्टर, यार्डातलं कोरं राहिलेलं कधीतरी घरी आणलेलं. डाव्या बाजूच्या रकान्यात त्यांची सही आधीच होती, डावी पुरी झाली त्या दिवशीची.

"उजवीची तू कर," ते म्हणाले.

मी म्हटलं, काका, इंजिन तुमचं आहे, सही तुम्हीच करा.

"मी बघितली नाही," काका म्हणाले. "तू बघितलीस. बघितलं त्याने सही करायची."

बँकेत मी बत्तीस वर्षं लोकांच्या सह्या तपासल्या. कुणाचा हात कुठे अडखळलाय ते मला चटकन दिसतं. त्या दिवशी माझा हात अडखळला नाही, हे मी कबूल करते. शुभा देशपांडे, ठळक, खाली रेघ मारून. काकांनी बोटाने कागद चाचपला, शाईचा ओलेपणा लागला तसे थांबले. मग हातोडी घेतली. पुढून सुरुवात केली. चाकामागून चाक. "बोलतंय. बोलतंय. बोलतंय." दांड्यावर त्यांनी फार हलका ठोका मारला, मान कलती केली, आणि तशीच ठेवली. मी वाट बघत राहिले. बाहेर भाजीवाला ओरडून गेला. काकांनी हातोडी खिशात टाकली आणि विचारलं, "चहा घेणार?"

त्यानंतर आठवड्याभरात त्यांचं इंदूरला नितीनकडे जाणं ठरलं. काका जिन्यावरून पडले होते, एकदा गॅस चालू राहिला होता. नितीनचंही चूक नव्हतं, इंदूरहून रोज कोण येणार. घर भाड्याने द्यायचं ठरलं. काकांनी बरोबर दोन बॅगा घेतल्या. निघायच्या सकाळी मी गेले तर ते आतल्या खोलीत एकटेच होते, दार लोटलेलं. बाहेर आले तेव्हा नितीनच्या हातात खोकं होतं, दोरीने बांधलेलं. काका म्हणाले, आठ नंबर शुभाकडे राहील. मी नको नको म्हणत होते, ते ऐकून न घेता गाडीत जाऊन बसले.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते असं: मागच्या सीटवर, काच खाली केलेली, चेहरा समोर. उजवा हात खिडकीवर. त्या हाताच्या दोन बोटांना खडूची पूड लागलेली होती. मला वाटलं, निघता निघता घराच्या भिंती तपासल्या असतील. मी म्हटलं, सांभाळून राहा काका. त्यांनी गाडीचं दार आतून एकदा बोटाने वाजवलं, आणि गाडी गेली.

खोकं मी दुपारी उघडलं. वर रजिस्टर, खाली काकूंच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं इंजिन. रजिस्टरात दोन्ही सह्या जशाच्या तशा, माझ्या सहीला त्यांनी हात लावलेला नव्हता. साडी सोडली. डावी बाजू स्वच्छ, चकचकीत. मी ते फिरवलं. उजवीकडे, दांडा जिथे दुसऱ्या चाकापासून बोटभर उचललेला होता, बरोबर त्या वाकावर, खडूची एक बारीक फुल्ली होती.

काका इंदूरला जेमतेम सव्वा महिना जगले. त्यात माझं त्यांच्याशी एकदाच बोलणं झालं. नितीनने फोन त्यांच्या कानाला लावला. मला इतकं काही सांगायचं होतं.

त्यांनीच विचारलं, "इंजिन नीट पोचलं?"

मी म्हटलं, "पोचलं."

"बघितलंस?"

"बघितलं, काका."

"दोन्ही बाजू?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"मग झालं," काका म्हणाले, आणि मुलाला म्हणाले, हिला उन्हाळ्यासाठी माठ घेताना वाजवून घ्यायला सांग.